नर्स कोण आहे?

सोमवार, ८ जानेवारी

"दैनंदिनी लिहा," संस्थेच्या संचालकांनी आज पहिल्याच बैठकीत सांगितलं. "परदेशी सेवेला निघालेला माणूस मनात फार साठवतो. ते कागदावर काढा. तुमचं लिहिलेलं कुणी वाचणार नाही, तेव्हा उगाच अलंकार घालू नका." सगळे हसले. मला वाटलं, हा टोला माझ्याकडे बघून होता. ओळख करून देताना मी जरा लांबण लावली होती.

तर अलंकार न घालता. आम्ही दोघं नवरा-बायको काल दुपारी इथे आलो. दोन ट्रंका, एक वळकटी आणि आईने बळेच बरोबर दिलेली इस्त्री. खोली वरच्या मजल्यावर. दोन लोखंडी कॉट, एक टेबल, खिडकीखाली कपडे वाळत घालायच्या दोऱ्या. इथे अडीच महिने शिकायचं आणि मग समुद्रापार, नदीकाठच्या मिशन रुग्णालयात जायचं. तिथे लेबर रूम सांभाळायला नर्स हवी आहे, आणि ही नर्स आहे. रुग्णालयाला जोडून शाळा आहे. मी इतिहास शिकवतो, शिवाय आमच्या मंडळीत पाळकसाहेब बाहेरगावी गेले की उपदेशही मीच करतो. पाळकसाहेब तर म्हणाले, "देवाने माप घेऊनच शिवलंय हे काम तुमच्यासाठी."

आपल्याला पाचारण कसं झालं ते प्रत्येकाने सांगायचं होतं. आमच्या दोघांचं मी सांगितलं. त्या रुग्णालयातले म्हातारे डॉक्टर आमच्या चर्चमध्ये आले होते, त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली, होडीतून आणलेल्या बाळंतिणीचं चित्र आलं तेव्हा हिने माझा हात घट्ट धरला, आणि त्या क्षणी मी ठरवलं, आपण जायचं. सांगणं छान जमलं. विहिरी खोदायला निघालेल्या इंजिनियरच्या बायकोने तर डोळे पुसले.

संचालकांनी हिला विचारलं, "आणि तुमचं?"

"तिचंही तेच," मी म्हणालो.

ही मान खाली घालून हसली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की हिच्या तोंडाला कुलूप. मी आहे म्हणून निभावतं.

बुधवार, १७ जानेवारी

तिकडची भाषा शिकवायला एक बाई येतात. जन्म तिकडचा, लग्न करून इकडे आल्या. शब्दांच्या परीक्षेत मी पहिला आलो. हिची क्रियापदं धडाधड कोसळतात, पण बाईंशी खिदळत असते. आज बाईंनी विचारलं, तिकडे पाय ठेवल्यावर सगळ्यात आधी कोणता शब्द लागेल? मी म्हणालो, "कृतज्ञता." ही म्हणाली, "जोर लाव." बाई टेबलावर हात आपटून हसल्या. मीही हसलो, पण प्रश्न गांभीर्याने विचारला होता असं मला वाटतं.

हिला आणि आमच्यातल्या दंतवैद्याला दिवसाआड शहरातल्या सरकारी दवाखान्यात सरावाला पाठवतात. तिथल्या नर्सांनी हिचं नाव "फौजदार" ठेवलंय, असं दंतवैद्य जेवताना सांगत होता. मला ठसकाच लागला. घरात जिच्या पावलांचा आवाज येत नाही ती म्हणे फौजदार! दुसऱ्याच कुणाबद्दल ऐकलं असणार त्याने.

मंगळवार, ३० जानेवारी

सुरक्षेचे तास सुरू झाले. शिकवणारा माणूस एका पायाने लंगडतो आणि इतकं हळू बोलतो की पुढे वाकून ऐकावं लागतं. बरीच वर्षं तिकडे होता. रस्त्यात गाडी अडवली तर काय करायचं ते त्याने सांगितलं. हात दिसतील असे ठेवा, डोळ्यांत बघू नका, पळू नका, शूरपणा करायला जाऊ नका. पुढच्या आठवड्यात कधीतरी सराव होईल म्हणाला. कधी आणि कुठे, ते सांगणार नाही.

हिने आज तासाला पहिल्यांदाच तोंड उघडलं. "नर्सला नेतात का हो?"

"नेतात कधीकधी. त्यांच्यातही आजारी, जखमी असतातच की. काम झालं की बहुधा परत सोडतात."

"बहुधा?"

"बहुधा," तो म्हणाला.

खोलीवर आल्यावर मी हिला धीर दिला. म्हटलं, तुला हात लावायचा तर माझ्यावरून जावं लागेल. ही उशांचे अभ्रे बदलत होती. "असं काही बोलू नकोस रे," म्हणाली. हिच्या मनात भीती बसलेली दिसतेय. रविवारच्या उपासनेत "भिऊ नकोस" याच विषयावर बोलावं म्हणतो.

गुरुवार, १ फेब्रुवारी

सगळे सुखरूप आहेत. तो सराव होता. आज लिहवत नाही.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

लिहितो. लिहिल्याशिवाय डोकं ताळ्यावर येणार नाही.

काल शहराबाहेरचं आरोग्य केंद्र बघून आम्ही संस्थेच्या मिनीबसमधून परत येत होतो. दुपार टळली होती. गाडीत ड्रायव्हर, इंजिनियर, त्याची बायको, दंतवैद्य आणि आम्ही दोघं. ही खिडकीशी, मी तिच्या शेजारी, मधल्या वाटेच्या बाजूला. लाकडाच्या वखारी लागतात तिथे रस्त्यात एक पिकअप आडवी उभी होती. ड्रायव्हरने हॉर्न दिला. पिकअपमागून तिघं आले, तोंडाला फडकी बांधलेले. एकाने काचेवर बंदुकीचा दस्ता मारला. ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढलं.

सराव पुढच्या आठवड्यात होता. मनात हेच पुन्हा पुन्हा येत होतं. आज नाही, पुढच्या आठवड्यात आहे, म्हणजे हे खरं आहे.

"माना खाली! मोबाईल खाली टाका!" आम्ही टाकले. इंजिनियरच्या खांद्याला बंदुकीची नळी टेकवली होती, त्याच्या तोंडून कुत्र्याच्या पिल्लासारखा आवाज येत होता.

"नर्स कोण आहे?"

कुणी बोललं नाही.

"आम्हाला नर्स पाहिजे. बाकीच्यांनी जायचं. नर्स कोण आहे?"

कुणीच बोललं नाही. इंजिनियरच्या बायकोला माहीत होतं. दंतवैद्याला तर पक्कं माहीत होतं, दिवसाआड एकाच गाडीतून जातात दोघं. कुणी हूं की चूं केलं नाही. मग तो फडकेवाला वळला आणि नळी माझ्याकडे आली. "तू. तू सांग."

माझा हात वर गेला. मी तो वर जाताना पाहिला. बोट हिच्याकडे होतं. आणि मी म्हणालो, "ही."

त्याने पुन्हा विचारलंही नव्हतं, तरी मी पुढे म्हणालो, "ही नर्स आहे."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रडवेल्या तोंडानेही नाही. गणित घातल्यावर मुलं फळ्याकडे बघतात तशी. मग माझ्या गुडघ्यांवरून पाय टाकून ती वाटेत आली आणि उतरून गेली. मी पाय आखडून तिला जायला जागा करून दिली, हेही मला आठवतंय.

पिकअप निघून गेली. सोडायच्या ऐवजी उरलेल्या दोघांनी आम्हाला एका गोदामात नेऊन गोण्यांवर बसवलं. तिथे मी सारखा बोलत होतो. मी काय करणार होतो, सगळ्यांना मारलं असतं, त्यांना कळलंच असतं, तिला ते काही करणार नाहीत, काम झालं की सोडतात. इंजिनियरची बायको भिंतीकडे तोंड करून बसली होती. मग दार उघडलं, तो लंगडा शिक्षक आत आला आणि म्हणाला, "सराव संपला. सगळे ठीक आहेत. पाणी घ्या."

मला हसू फुटलं. हसता हसता मी गोण्यांच्या मागे जाऊन ओकलो.

ती संस्थेच्या स्वयंपाकघरात बसली होती. पिकअपमध्ये बसवल्या बसवल्या तिला खरं काय ते सांगितलं होतं. मला बघून तिने पेला पुढे केला. "चूळ भर आधी," म्हणाली.

शनिवार, ३ फेब्रुवारी

"ही" असं लिहायला गेलो आणि पेन अडलं. घरात, शाळेत, सगळीकडे मी तिला "ही" म्हणत आलो. आमचे वडीलही आईला असंच म्हणायचे. पण गाडीत बोट दाखवून मी तोच शब्द वापरला. आता हात धजत नाही.

आज सगळ्यांना गोल बसवून सरावाबद्दल बोलायला लावलं. मी तयारीने गेलो होतो. म्हटलं, भावनेच्या भरात न जाता सारासार विचार केला, तर एका माणसाच्या बदल्यात पाच जण सुटणार होते, आणि त्या एका माणसालाही ते जपणार होते, कारण त्यांना तिची गरज होती. इतिहासात अशी उदाहरणं आहेत. दोन उदाहरणं दिलीसुद्धा.

शिक्षकाने हळू आवाजात विचारलं, "हा विचार तुम्ही गाडीत केलात?"

"अर्थात."

दंतवैद्य स्वतःची नखं बघत होता.

मग शिक्षक तिच्याकडे वळला. "तुम्हाला काय वाटलं?"

"तिला जरा धक्का—" मी सुरुवात केली. त्याने माझ्याकडे न बघताच तळहात वर केला. मी थांबलो. 

"मी उठणारच होते," ती म्हणाली. "बूट सापडत नव्हता. पाय सुजले होते म्हणून काढला होता, तो सीटखाली गेला. तो पायाने चाचपत होते. सापडला की उठणार होते."

"आणि मग?"

"मग काय. तशीच उतरले."

ती एका पायात बूट घालून उतरली होती. तापलेल्या डांबरावरून एक पाय अनवाणी. माझ्या गुडघ्यांवरून ती गेली, आणि मला ते दिसलं नव्हतं.

बुधवार, ७ फेब्रुवारी

माफी मागितली. रोज मागतोय. काल तिने कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, "मला राग नाही आलेला."

"मग बोलत का नाहीस?"

"मी पूर्वी किती बोलायचे?"

 मी म्हणालो, "मला शिक्षा कर. शिव्या दे. पण अशी गप्प राहू नकोस."

"तुला शिक्षा पाहिजे तीही मीच द्यायची का?" एवढंच म्हणाली आणि बादली घेऊन खाली गेली.

आज लंगड्या शिक्षकाला बागेत एकटं गाठलं. खरं तर मला त्याला झोडपायचं होतं. सराव पुढच्या आठवड्यात सांगून आधी कसा घेतलात, ही फसवणूक नाही का, आणि प्रश्नही नेमका तोच कसा विचारलात? तो म्हणाला, "तिकडे ते आधी सांगून येत नाहीत. आणि ते तोच प्रश्न विचारतात."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. "असं बोट दाखवणारे बरेच असतील ना? माणसाचा स्वभावच आहे."

माझी अपेक्षा होती की तो पाठीवर हात ठेवील. त्याने हात खिशात घातले. मग म्हणाला, "नाही हो. बहुतेक जण गप्प बसतात. एखाददुसरा खोटं बोलतो. कुणी रडतं. बोट फार कमी जण दाखवतात. खोटा दिलासा मी देणार नाही. तुम्ही तिकडे निघाला आहात."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती सरकली. चार दिवस मी "कुणीही हेच केलं असतं" या एका वाक्यावर उभा होतो.

रविवारच्या उपासनेत "भिऊ नकोस" वर बोलायला माझं नाव लागलं होतं. घसा बसल्याचं सांगून टाळलं.

रविवार, ११ फेब्रुवारी

सुट्टी होती म्हणून एकटाच घरी गेलो. ती आली नाही, दवाखान्यात बाईमाणसांची कमी आहे म्हणाली. चर्चमध्ये सगळ्यांनी हात मिळवले. पाळकसाहेबांनी व्यासपीठावरून "आपलं धाडसी जोडपं" म्हटलं. मी खाली बघत राहिलो, लोकांना तो नम्रपणा वाटला.

दुपारी आईपुढे सगळं ओकून टाकलं. लहानपणापासून तिच्यासमोर माझं काही लपत नाही. मला वाटलं होतं, ती कपाळावर हात मारील. सुनेवर तिचा जीव आहे. "पोरीच्या जातीला असं वाऱ्यावर सोडतात का रे?" म्हणेल. मग मी रडेन, आणि निदान काहीतरी सुटेल.

आई भाजी निवडत होती. तिने हातातली काडी मोडली. "मग? तुला काही लागलं नाही ना?"

"आई, मी तिला दिलं त्यांच्या ताब्यात."

"अरे, नर्स तीच होती. तू खोटं थोडंच बोललास? तुझ्या जागी मी असते तर तेच केलं असतं." आणि माझ्या केसांतून हात फिरवला. "तू सुखरूप आहेस ना, बस झालं मला. तिला सांग, उगाच ताणून धरू नकोस म्हणावं. आणि इस्त्री वापरता ना?"

मला शिसारी आली. आईची नाही. ती जे बोलत होती ते शब्दन् शब्द माझंच होतं. त्या शनिवारी गोलात बसून मी हेच बोललो होतो, फक्त इतिहासाची दोन उदाहरणं जोडून. तिच्या तोंडून ऐकल्यावर कळलं ते कसं दिसतं.

जेवलो नाही. संध्याकाळच्या आधीची बस धरली.

बुधवार, २१ फेब्रुवारी

आज संस्थेची गाडी बंद पडली म्हणून तिचा डबा द्यायला मी सरकारी दवाखान्यात गेलो. लग्नाला तीन वर्षं झाली, पण तिच्या कामाच्या ठिकाणी मी कधी दाराच्या आत गेलो नव्हतो. लेबर रूमच्या बाहेर बाकावर नातेवाईक बसले होते. आतून एक आवाज येत होता. खणखणीत, दोन भिंती फोडून बाहेर येईल असा. "आता नाही, आता थांब! श्वास घे! माझ्याकडे बघ, छताकडे काय बघतेस, छत येणारे का मदतीला? हां! आता! लाव जोर!" शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून हसत होती. "कडक आहे बाई, पण हिच्या हाताला यश आहे," मला म्हणाली.

मी वॉर्डबॉयला विचारलं, "आत कोण आहे?"

"फौजदार."

मला आवाज ओळखता आला नव्हता. माझ्या बायकोचा आवाज.

थोड्या वेळाने ती बाहेर आली. कपाळावर घाम, बाह्या वर सरकवलेल्या, म्हातारीला म्हणाली, "मुलगी झाली, आजी. दोघी छान आहेत." मग मला पाहिलं. माझ्या डोळ्यांसमोर तिचा आवाज लहान झाला. म्हणजे खरंच, दिवा बारीक करावा तसा. "तू कशाला आलास एवढ्या लांब?"

आम्ही आवारातल्या कठड्यावर बसलो. ती जेवत होती. मी विचारलं, "तू घरी असं का नाही बोलत?"

"कसं?"

"असं. आतल्यासारखं."

तिने घास संपवला. "तिथे जागा कुठे असते?"

मग कसं कोण जाणे, पाचारणाचा विषय निघाला. मी म्हणालो, डॉक्टरांनी ती चित्रं दाखवली तेव्हा तू माझा हात धरलास ना, तिथून सगळं सुरू झालं. ती म्हणाली, "मी नर्सिंगला होते तेव्हाच त्या रुग्णालयाला पत्र टाकलं होतं. ते डॉक्टर मला ओळखत होते. आपल्या चर्चला मीच बोलावलं होतं त्यांना."

"मला हे कधी सांगितलं नाहीस!"

"सांगितलं होतं. बघायला आलास तेव्हा, गच्चीत. मी म्हटलं, मला तिकडे जायचंय, चालेल का? तू म्हणालास, 'वा, छान!' आणि शाळेच्या सहलीत तुझी बस कशी चुकली होती ते सांगायला लागलास." तिला हसू आलं. "मजेदार होतं ते. म्हणून तर हो म्हटलं मी."

मी खूप आठवून पाहिलं. गच्ची आठवते. सहलीची गोष्ट आठवते. तिने काही विचारल्याचं आठवत नाही.

बुधवार, ६ मार्च

संचालकांनी दोघांना बोलावलं. निर्णय तुमचा, म्हणाले. संस्था कुणाला एका सरावावरून नापास करत नाही. मी म्हणालो, आम्ही प्रार्थना करतोय. संचालक म्हणाले, "दोघं मिळून?" 

तेव्हा ती बोलली. आधी हातातला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला. "मला जायचंय, सर. ठरल्या तारखेला. तिथे सध्या लेबर रूमला कुणी नाही. पण मला एकटीला जायचंय."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"कायमचं?" संचालकांनी विचारलं.

"ते मला अजून माहीत नाही. आत्ता एकटीला जायचंय, एवढं माहितीए."

मी म्हणालो, "अगं, लोक काय म्हणतील?" खरंच हेच म्हणालो. अख्ख्या जगातलं दुसरं कुठलंही वाक्य माझ्या तोंडात येऊ शकलं असतं. संचालकांनी खिडकीबाहेर पाहिलं. ती माझ्याकडे वळली आणि पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं.

"बघ ना," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर जिन्यात मी बसकण मारली. तिने माझ्या शेजारी बसून पाठीवर हात ठेवला. मी विचारलं, "तुला माझी भीती वाटते का?" ती म्हणाली, "नाही रे. तुझ्याबरोबर असले की मी नसल्यासारखी होते. तिकडे असं चालणार नाही. तिकडे कुणी मेलं तर?"

रविवार, २४ मार्च

ती गेली. विमानतळावर तिचे आईवडील, माझी आई, पाळकसाहेब, सगळे आले होते. सगळ्यांना सांगितलंय की माझ्या कागदपत्रांना वेळ लागतोय. हे सांगायची कल्पना तिची नव्हती, माझी होती. तिने विरोध केला नाही आणि दुजोराही दिला नाही.

पाळकसाहेब मला म्हणाले, "दोघांच्या वतीने प्रार्थना करा." मी तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. इतकी वर्षं तोंड उघडलं की शब्द रांगेने बाहेर पडायचे. शेवटी सासऱ्यांनी केली. साधी, अडखळत. "पोरीला सांभाळ" एवढंच दोनदा म्हणाले.

आत जाताना तिने सगळ्यांना हात केला. माझ्यासाठी वेगळा असा नाही.

बुधवार, १७ एप्रिल

शाळेत बदली शिक्षक म्हणून परत लागलो आहे. आईकडे राहवत नाही, म्हणून छापखान्याच्या वरची खोली घेतलीय. दिवसभर यंत्राने जमीन हलते. त्याची सवय झाली.

तिकडून फोन लागणं कठीण. दर आठवड्याला दोन वाक्यांचा निरोप येतो, पोचले, ठीक आहे, पाणी वाढलंय, कामात आहे. आज दुपारी मधल्या सुट्टीत फोन आला तो तिचा होता. आवाज मधूनच बुडत होता, मधूनच अगदी कानात बोलल्यासारखा. मी प्रकृती विचारली, जेवण विचारलं. तिने सांगितलं, छप्पर गळतंय, दोन मदतनीस बायका आहेत, एक फार हुशार आहे.

मग म्हणाली, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार."

"बोट दाखवलंस तेव्हा मनात काय होतं?"

यावर माझी किती उत्तरं तयार होती. पाच जणांचं उत्तर, भीतीचं उत्तर, पापी मनुष्यस्वभावाचं उत्तर. यातलं प्रत्येक मी आरशासमोर बोलून पाहिलंय. समोर मुलं डबे खात होती. मी भिंतीकडे वळलो.

"काहीच नव्हतं," मी म्हणालो. "नळी माझ्याकडे होती. मला वाटलं, ती दुसरीकडे वळावी. तू आहेस म्हणून दाखवलं नाही. कुणीही असतं तरी दाखवलं असतं. तू मला दिसलीच नव्हतीस."

 मला वाटलं लाईन गेली.

"हं," ती म्हणाली. "मला तेव्हाच कळलं होतं. पण तू सांगशील असं वाटलं नव्हतं." मग थोडं थांबून, "आता माझं ऐक. त्या पिकअपमध्ये बसवून त्यांनी सांगितलं, ताई, घाबरू नका, हा सराव आहे. तेव्हा मला सगळ्यात आधी काय वाटलं सांगू?"

"काय?"

"सुटले."

"साहजिक आहे गं. बंदूक समोर असल्यावर—"

"नाही," ती म्हणाली. "बंदुकीतून नाही."

मुलांचा गलका एकदम लांब गेला. मी भिंतीला हात टेकला. रंगाचा पोपडा निघून नखात गेला, तो अजून दुखतोय.

"ते तसं वाटलं त्याचीच मला भीती वाटली," ती म्हणत होती. तिचा आवाज थरथरत होता, पण लहान झालेला नव्हता. "महिनाभर मला वाटत होतं, मीच वाईट आहे. म्हणून एकटी आले. ते खरं आहे की त्या वेळेपुरतं होतं, ते बघायचंय मला. अजून कळलेलं नाही. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"तुला काही म्हणायचंय?"

पुष्कळ म्हणायचं होतं. मी म्हणालो, "नाही. तू बोल."

ती पुढे काही बोलणार तोच तिकडे कुणीतरी जोरात हाक मारली. तिने त्यांच्या भाषेत ओरडून उत्तर दिलं आणि मला म्हणाली, "बाई आलीय होडीतून, आडवं आहे मूल. रविवारी फोन कर. करशील?" मी हो म्हणालो, ते तिने ऐकलं की नाही माहीत नाही. फोन बंद करायचा राहिला होता. तो कशावर तरी ठेवल्याचा खट्ट आवाज आला आणि मग पावलं, धातूचं भांडं, एका बाईचं कण्हणं, आणि त्या सगळ्यावरून तिचा आवाज. मोठा, धारदार. शब्द पुरते कळत नव्हते.

घंटा झाली. मुलं वर्गात गेली. मी फोन कानाला लावून व्हरांड्यात उभा राहिलो, लाईन जाईपर्यंत.